गोठलेल्या दोन गोण्या

ढलपा पडला तेव्हा अंबिका खाटेवर नव्हती, मोरीत दात घासत होती. परातीएवढा काँक्रीटचा तुकडा वरनं सुटला आणि बरोबर तिच्या उशीवर बसला. छताला तीन सळया उघड्या पडल्या, लालभडक, सोललेल्या बांगड्याच्या काट्यासारख्या.

दुर्गा धावत आली, उशी बघितली. तिला रडू आलं नाही. तिनं पोरीचा हात धरला आणि तो दुपारपर्यंत सोडला नाही. भाजी चिरतानासुद्धा अंबिकाला शेजारी बसवून घेतलं.

उत्तमनं वर बघितलं आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, "जयवंताची करणी." जयवंत त्याचा धाकटा भाऊ.

लग्नाला तेरा दिवस होते, हळदीला बारा. शिवडीच्या कोळीवाड्यात हळद म्हणजे गच्चीवर दोनशे माणसं नाचणार. ब्रासबँड येणार. नवऱ्यामुलाकडचे वरळीचे, ते येताना नाचत येणार आणि जाताना नाच कमी पडला म्हणून नावं ठेवणार. गच्ची म्हणजेच हा स्लॅब. एकोणीसशे त्र्याऐंशीच्या मे महिन्यात, संपाच्या दुसऱ्या वर्षी घातलेला. आता सत्त्याण्णवचा मे चालू होता.

"वरनं गिलावा मारून घेऊ," उत्तम म्हणाला. "हळद पार पडू दे."

"आणि हळदीत पडला तर?" दुर्गानं विचारलं.

"नाय पडत. लोखंड हाय आत. बारा एमेमचं टॉर. मी सोता बांधलंय."

उत्तम गिरणीत विणकाम खात्यात फिटर होता. लोखंडावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. गिरणीच्या बिडाच्या खांबांनी सत्तर वर्षं तीन मजले आणि आठशे माग पेलले, एकालाही कधी तडा गेलेला त्यानं पाहिला नव्हता. गिरणी बंद पडली ती खांब मोडले म्हणून नाही, माणसं मोडली म्हणून. खांब अजून उभेच होते. उत्तम दादरच्या एका सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसत होता आणि येणाऱ्या गाड्यांना सलाम करत होता.

"मी काकाला बोलावून आणते," अंबिका म्हणाली.

ओट्यावर बसलेल्या राधाबाईनं, तिच्या आजीनं, कोयतीची धार अंगठ्यावर बघितली.

"कशाला?" उत्तमनं विचारलं.

"तूच बोललास ना त्याची करणी? मग येऊन बोलू दे की तो. माझ्या उशीवर पडलंय, बाबा. मला कळायला नको?"

पोरीचं लग्न ठरलं की बापाच्या घरात तिला बारा दिवसांचं राज्य मिळतं. अंबिकानं ते वापरलं. चप्पल घातली आणि परळला निघाली.

"येऊ दे त्याला," उत्तम दुर्गाला म्हणाला. "कुशाबालाही बोलावतो. गवंड्यासमोर कबूल कर म्हणावं, की सिमेंटच्या दोन गोण्या तू विकल्यास आणि म्हणून माल कच्चा झाला. वरळीवाल्यांनी उद्या विचारलं तर माझं नाव नको."

राधाबाई उठली. "मी धक्क्यावर हाय," एवढंच म्हणाली आणि पाटी घेऊन बाहेर पडली.

*

जयवंतची बायको मृणालिनी फणसवाडीची. वडील पोर्ट ट्रस्टमध्ये हेडक्लार्क, घरात संध्याकाळी परवचा. ती रेशनिंग ऑफिसात नोकरीला लागली आणि संपाच्या दुसऱ्या वर्षी काउंटरच्या पलीकडे जयवंत उभा राहिला. कार्डावर शिक्का हवा होता. कार्डावर व्यवसाय 'गिरणी कामगार' लिहिलेला होता. "हा आता खोटा आहे, मॅडम, पण खोडू नका," असं तो म्हणाला होता. त्या एका वाक्यावर तिनं लग्न केलं असं तिच्या आईचं मत होतं, आणि ते बऱ्यापैकी खरं होतं.

तेरा वर्षांत ती या घरी दोनदा आली होती. दोन्ही वेळा एकटीच, मयताला.

"तू दोन गोण्या विकल्या नाहीस ना?" तिनं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात विचारलं होतं.

"नाही."

"मग स्लॅब का गळतो?"

"गळतो."

या माणसाच्या पोटात काहीतरी आहे हे तिला तेव्हाच कळलं होतं. गोदीत माल मोजून मोजून त्याला मोजकं बोलायची सवय लागली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. आता कोळीवाड्याच्या गल्लीत शिरताना ती परत म्हणाली, "आज तरी बोल, जयवंत. चोर म्हणून मान खाली घालून उभा राहणार असशील तर मी इथूनच परत जाते."

"काकू, प्लीज," अंबिका म्हणाली. "टेन्शन नको देऊ त्याला."

"टेन्शन मी देत नाहीये. तेरा वर्षं मी घेतेय."

दारात दुर्गा उभी होती. कोळीवाड्यात दारात उभी राहिलेली बाई एकतर स्वागताला असते नाहीतर अडवायला. दुर्गानं मृणालिनीकडे बघितलं, मग तिच्या पायांकडे. चालून चालून धुळीनं भरले होते.

"पाय धुवून घे," दुर्गा म्हणाली. "बादली भरलीय."

इतकंच. पण उत्तमनं ते ऐकलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्या बाजूचं एक माणूस कमी झालं.

*

कुशाबा साताऱ्याकडचा. गिरणीच्या बिल्डिंग खात्यात गवंडी होता. सत्तरी गाठली होती, डोळ्याला मोतीबिंदू, पण हातोडी तीच. हा स्लॅब त्यानंच घातला होता आणि पुढच्याच वर्षी तो गळायला लागला, त्यामुळे गेली तेरा वर्षं कोळीवाड्यात त्याचंही नाव निघायचं. कुशाबाचा माल गळतो, म्हणायचे.

तो काहीही न बोलता गच्चीवर चढला आणि पुढच्या टोकापासून उकिडवा बसत, सरकत, हातोडीनं ठोकत निघाला. बाकीचे त्याच्या मागे. ऊन मी म्हणत होतं.

ठण. ठण. ठण.

"ऐका," कुशाबा म्हणाला. "भांडं कसं वाजतंय."

तुळईच्या अलीकडे सगळं तसंच वाजलं. तुळई ओलांडून तो मागच्या गाळ्यावर, स्लॅबच्या शेवटच्या भागावर आला, जिथं खाली अंबिकाची खाट होती.

बद्द.

पुन्हा ठोकलं. बद्द. दोन हात सरकून ठोकलं. बद्द, बद्द. फुटक्या मडक्यासारखं.

"मागचा गाळाच ग्येला," कुशाबा म्हणाला. "म्होरलं दोन गाळं अजून तीस वर्सं जात्यात."

"म्हंजे?" उत्तम म्हणाला.

"म्हंजी शिमिट कमी पडलं न्हाई. कमी असतं तर समदा स्लॅब ढेकळावानी फुटला आस्ता. ह्यो माल येका जागी बिघडलाय. शेवटाला शेवटाला."

"शेवटालाच कमी पडलं असंल. दोन गोण्या कमी म्हंजे शेवटालाच कमी पडणार."

"उत्तमराव, म्या सोता घमेली आदीच मोजून ठिवली हुती. चाराला येक शिमिट. शेवटचं घमेलंबी चाराला येकच हुतं." म्हाताऱ्यानं मान वर केली. "तेरा वर्सं माझ्याबी तोंडाला काळं हाय. न्हाई तर आलो नसतो."

मग त्यानं सगळ्यांना खाली नेलं. उशीवरचा ढलपा कुणी उचललेला नव्हता. त्यानं बोटानं छताच्या सळईचा पापुद्रा काढला. वहीच्या पानांसारखी एकावर एक लाल पापुद्र्यांची चळत निघाली.

"लोखंड गंजलं की बारीक व्हतं आसं वाटतं मानसाला. न्हाई. आदी फुगतं. आत जागा न्हाई, मग काँक्रीटला ढकलून देतं. काँक्रीट कसं हाय, त्येच्या डोक्यावर डोंगर ठिवा, हूं म्हननार न्हाई. पर वढलं की तुटलं. वढ घ्यायला आपन आत लोखंड घालतो. तुमच्या जाळ्याचा दोर हाय ना, वढायला किती घट्ट? पर उभा करून त्यावर टोपली ठिवा बरं. दोघांचं लगीन लावलं की संसार. आता त्यातलं येक आतनं सडलं, तर दुसरं काय करंल?"

"सडलं कशानं पण?" मृणालिनीनं विचारलं.

कुशाबानं खांदे उडवले. "खारं लागलं असंल. दर्याकाठ हाय."

"दर्या सगळ्या घराला हाय," दुर्गा म्हणाली. "मागच्या गाळ्यालाच कसा खारा लागला?"

आत्तापर्यंत जयवंत भिंतीला टेकून उभा होता. भिंत जुनी, बापाच्या हातची, स्लॅबच्या आधीची. त्याच्या पाठीला तिचा गारवा लागत होता. दुर्गाचा प्रश्न ऐकून त्यानं डोळे मिटले.

*

तो दिवस जयवंतला पाठ होता.

संपाला सोळा महिने झाले होते. संपावर आता लिहिणारे लिहितात, किती लाख कामगार, किती गिरण्या, कुणाचं चुकलं. त्या लाखो माणसांचे हात रिकामे होते, आणि रिकामे हात रात्रंदिवस दुखतात, हे लिहीत नाहीत. लिहिणाऱ्यांच्या हातांना कधी असलं काम नव्हतं, मग ते रिकामे कसे होतील?

त्या दिवशी ते हात कामाला लागले. उत्तमनं सांगितलं, घर चढवायचं, आणि परळ-लालबागहून तीस-पस्तीस माणसं पहाटे चालत आली. मजुरी कुणी विचारली नाही. जेवायला भात आणि जवळ्याचं कालवण, एवढंच ठरलं होतं. विणकामवाले, सूतखात्यातले, एक जॉबरसुद्धा, म्हणजे खात्याचा मुकादम. हाफचड्ड्या घालून शिडीवर रांग लावली. खालून घमेलं वर, रिकामं खाली. कुणी शिकवलं नव्हतं, पण दहा मिनिटांत त्या रांगेला मागाची लय लागली. खट, खट, खट. दीड वर्षानं पहिल्यांदा सगळ्यांचं अंग एका तालात हललं. जॉबर शिडीच्या मध्यावरून ओरडला, "अरे, खातं चालू झालं रे!" आणि पस्तीस माणसं हसली, आणि हसता हसता त्यातले दोघं-तिघं रडले. घमेलं कुणी थांबवलं नाही.

वर कुशाबा आणि उत्तम माल पसरत होते. खाली जयवंत माल कालवत होता. वाळू, खडी, सिमेंट, आणि पाण्याचे चार ड्रम. नळ पहाटे चार ते सहा. तेवढ्यात जेवढे भरले तेवढे भरले.

साडेबारा वाजता चौथ्या ड्रमचा तळ लागला. वर मागचा गाळा राहिला होता.

"कुशाबाला विचारतो," जयवंत म्हणाला.

"काय विचारतोस?" त्याची आई, राधाबाई, कमरेला पदर खोचून उभी होती. "थांबला की जोड राहतो, तोच बोलला ना सकाळी? जोड राहिला की गळतो. थांबायचा नाय."

"पण पाणी नाय, आये."

"पाणी नाय?" तिनं हात लांब केला. पुढं भरती लागली होती, धक्क्याच्या पायरीला निवळ पाणी चापट्या मारत होतं. "एवढा मोठा दर्या दिसत नाय तुला?"

"खारं चालणार नाय."

"ही भिंत कशाची हाय?" तिनं मागच्या भिंतीवर हात मारला. "तुझ्या बापूसनं बांधली. शिंपल्या भाजून चुना केला, आणि त्यात ह्या दर्याचं पाणी. मी डोक्यावर आणलंय, नवी नवरी होते. चाळीस वर्षं झाली. सुई घाल बघू तिच्यात. घाल!"

जयवंत चोवीस वर्षांचा होता. भिंत समोर होती, आणि तिच्यात सुई जात नव्हती. आई खोटं बोलत नव्हती. तिच्याबरोबर पाच-सहा बायका हंडे घेऊन निघाल्या, गाणं म्हणत. पाणी आलं. माल कालवला. वरच्यांना काही कळलं नाही.

संध्याकाळी राधाबाईनं दर्याला नारळ दिला. सगळं अंग मालानं माखलेलं, आणि म्हणाली, "पोरांनो, ह्या दोघांचा बापूस महादेव असता तर त्यानं आज तुम्हाला खांद्यावर घेतला असता."

चुन्याच्या भिंतीत लोखंड नव्हतं. एवढीच चूक झाली होती. त्या बाईला चुना ठाऊक होता, दर्या ठाऊक होता, आणि सिमेंट म्हणजे राखाडी रंगाचा चुना असं तिला वाटलं होतं.

दोन वर्षांनी जयवंतनं गोदीतल्या एका इंजिनिअरला सहज विचारलं, तेव्हा त्याला खरं कळलं. तोवर त्याला घरातून काढलेलं होतं. येऊन सांगायचं म्हणजे आईचं नाव घ्यायचं. तो सांगायला गेला नाही.

*

"बोल की रे," उत्तम म्हणाला. "भिंतीला काय चिकटलास? दोन गोण्या गाडीवर घालून कुठं नेल्यास तेवढं सांग. दुर्गानं डोळ्यानं बघितलंय."

"मी गाडी बघितली," दुर्गा म्हणाली. "गल्लीतनं जाताना बघितली. विकताना नाय बघितलं. ते तुम्ही जोडलंत."

"आता तू फिरलीस?"

"फिरले नाय. बघितलं तेवढंच तेव्हाही बोलले होते. माझ्या पोरीच्या उशीवर दगड पडलाय, मला आता जोडलेलं नकोय."

"गोण्या गोठल्या होत्या, दादा," जयवंत म्हणाला. "तेव्हाच सांगितलं होतं. दमट हवा, भिंतीला टेकून ठेवलेल्या. आत दगड झाला होता. म्हणून टाकल्या."

"आणि मी आयेला विचारलं होतं! सगळ्यांसमोर! आये, तू सकाळी धक्क्यावर असतेस, ह्यानं गोण्या टाकलेल्या बघितल्यास? काय बोलली आये?"

जयवंतनं मृणालिनीकडे बघितलं.

"काय बोलली?" मृणालिनीनं विचारलं.

"'मी कुठं बघत बसू?'" उत्तमनं आईचा आवाज काढला. "असं बोलली. आयेनं नाय बघितलं तर धक्क्यावर काय झालंच नाय. तिथं कावळा हगला तरी तिला ठाऊक असतं."

"आजी कुठंय?" अंबिका म्हणाली.

*

राधाबाई धक्क्यावर तिच्या रोजच्या जागेवर बसून निवट्या, चिखलातले मासे, साफ करत होती. ओहोटी होती. लांबवर चिखल चकाकत होता, त्याच्या पलीकडे जहाजांची भंगारं. मागे परळच्या बाजूला गिरणीची चिमणी, धुराशिवायची.

ते सगळे येताना तिला दिसले. पुढे उत्तम, मागे जयवंत आणि त्याची बायको, दुर्गा आणि पोर एकमेकींचे हात धरून. कुशाबा शेवटी, हातोडीसकट. जयवंतच्या डोक्यावरचे केस गेले होते. महादेवचे पन्नाशीत गेले होते. ह्याचे अडतिसाव्या वर्षीच गेले.

गोण्या विकल्या नाहीत हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण स्लॅब का फुटला हे तिला ठाऊक नव्हतं. दर्या कोपला असेल, असं ती धरून चालली होती.

"आजी," अंबिकानं ढलप्याचा तुकडा पुढे केला. "कुशाबा बोलतो खारं लागलंय. मागच्याच गाळ्याला. कसं?"

राधाबाईनं हात पदराला पुसले आणि तुकडा घेतला. उजेडात फिरवून बघितला. मग सगळ्यांसमोर तिनं त्याला जीभ लावली.

या बाईनं पन्नास वर्षं सुकी मासळी केली होती. जिभेला लावून ती सांगायची, हे मीठ भाईंदरचं, हे उरणचं, हा बोंबील नुसता दर्यात बुडवून सुकवलाय. व्यापारी तिच्या जिभेला घाबरायचे.

ती थुंकली नाही. तुकडा मांडीवर ठेवून बसून राहिली.

"मिठागराचा नाय," ती हळू म्हणाली. "दर्याचा हाय. आपल्या धक्क्याचा."

"म्हंजे?" उत्तम.

"मी आणलं पाणी. तुमचे ड्रम संपले तेव्हा. ह्यो नको बोलत होता." तिनं जयवंतकडे बघितलं नाही. "मी आणलं."

कुशाबानं हातोडी खाली ठेवली. "आगं माजे आये," तो म्हणाला. "लोखंडात खारं पानी!"

"मला काय ठाव? भिंतीला चाललं."

"भिंतीत लोखंड कुटं हुतं, राधाबाय? चुन्याला मीठ चालतं. लोखंडाला चालत न्हाई."

"मला काय ठाव," ती परत म्हणाली, आणि या वेळी आवाज फाटला.

उत्तम जयवंतकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

"नंतर कळलं."

"आणि तू तेरा वर्षं..." मग तो राग काढायला जुन्या जागेवर गेला, माणसं जातात तशी. "बरं, पाण्याचं झालं. पण गोण्या? गोण्या कुठं हायत?"

राधाबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, वेळ लावून. आणि जिथं बसली होती तिकडे बोट केलं.

तो दगड सगळ्यांनी हजारदा बघितला होता. पोरं त्यावर उड्या मारत मोठी झाली होती. लांबट, उशीसारखा, मधे फुगलेला, दोन्ही टोकांना गोळा झालेला. नीट बघितलं तर एका कडेला तागाच्या विणीचा ठसा होता आणि शिवणीची नागमोडी. तशीच दुसरी गोणी चार हातांवर पडली होती. तिला त्यांच्याच होडीचा दोर बांधलेला होता.

"ह्यो पाण्यात फेकत होता," राधाबाई म्हणाली. "मीच बोलले, फेकू नको रं, इथं ठेव, मला म्हावरा कापायला बसायला होईल. त्यानं हातानं लावून दिला."

विणकाम खात्यातल्या माणसाला विणीचा ठसा ओळखायला सांगावं लागत नाही. उत्तम वाकला, बोटं फिरवली. ताग. सुटा धागा, मोठी वीण. सिमेंटचीच गोणी.

"मग तू खोटं का बोललीस, आये?"

चिखलात एक बगळा पाय उचलून उभा होता, तिकडे राधाबाई बघत राहिली.

"माझ्यामुळे," मृणालिनी म्हणाली. "हो ना, आई? त्याच आठवड्यात यानं माझं नाव काढलं होतं."

"हां," राधाबाई म्हणाली. सरळ. "वाड्यात बोलले असते, राधाबाईचा पोर भटाच्या पोरीसाठी आय सोडून गेला. त्याच्यापेक्षा बोलू दे, चोर होता, काढला. मला ते सोपं गेलं. मला वाटलं, वर्षाभरात येईल वाकून. मग मी बोलेन, हां रे, बघितलं होतं मी. हा आलाच नाय." ती पहिल्यांदा जयवंतकडे वळली. "तू का नाय आलास रं? एकदा आला असतास तर मी बोलले असते."

जयवंतच्या तोंडातून शब्द निघायच्या आत मृणालिनीच बोलली. "तो का येईल? तो तुमचं झाकत होता. तुम्ही त्याचं उघडं टाकलंत. माझ्या मुलाला शाळेत वाड्यातली पोरं 'सिमेंटचोर' म्हणतात, आई. त्याला सिमेंट म्हणजे काय ते कळायच्या आधीपासून."

कोळीवाड्यात राधाबाईला असं कुणी बोललेलं नव्हतं. कालपर्यंत दुर्गा सासूच्या बाजूनं धावली असती. आता ती सरकली आणि मृणालिनीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"खरं हाय तिचं," राधाबाई म्हणाली.

*

काय करायचं ते कुशाबानं सांगितलं. मागचा गाळा तुळईपर्यंत फोडायचा, आजपासून खाली टेकू. पुढचे दोन गाळे राहू द्यात. नवा माल पावसाच्या आत. "आनि पान्याजवळ म्या सोता बसनार," तो म्हणाला. "जीब लावून."

"हळद?" अंबिकानं विचारलं.

"अंगणात," राधाबाई म्हणाली. "मांडव घालू. बांबू आणि झावळ्या. माझी हळद मांडवातच झाली. वरळीवाल्यांना नाचायला जमीन चालत नसंल तर दर्यात नाचा म्हणावं." मग थांबून म्हणाली, "मांडवाचा खांब, उंबराची मेढ, काकानं रोवायची. मी वाड्यात सांगणार. गोण्यांचंबी, पाण्याचंबी. आज सांजेला, देवळासमोर. माझ्या तोंडानं."

"अंगणात कोबा केलाय, आये," उत्तम म्हणाला. "खड्डा कुठं खणायचा? मेढ उभी राहायची नाय."

मग उत्तम खाली बघत राहिला, त्या गोणीकडे. "मेढीच्या बुडाला हिचा टेकू होईल," म्हणाला. वाकला. दोन्ही हात तिच्या एका टोकाखाली घातले आणि जोर लावला. हलली नाही. चौदा वर्षं ती तिथं रुतून बसली होती. फिटरच्या मानेच्या शिरा टरारल्या. पुन्हा जोर लावला.

"ती दुसरी घ्या ना, बाबा," अंबिका म्हणाली.

"तिला होडी बांधलीय."

जयवंत पुढे आला. चप्पल काढली, विजारीचे पाय वर केले आणि दुसऱ्या टोकाला उकिडवा बसला.

"हां," उत्तम म्हणाला. त्याला भावाकडे बघणं जमत नव्हतं. "खट बोलतो तेव्हा उचल."

"बोल."

"खट."

गोणी उचलली गेली. खालच्या ओल्या चिखलात तिचा अख्खा आकार उमटलेला होता. दोघं भाऊ तिला मधे धरून, वाकडे चालत, गल्लीच्या दिशेनं निघाले. एक मागे, एक पुढे, आणि "सावकाश रे", "डावीकडे घे", "तुझा पाय बघ", एवढंच बोलत. दुर्गा आणि अंबिका पुढे रस्ता मोकळा करायला पळाल्या. कुशाबा हातोडी खांद्यावर टाकून त्यांच्या मागे.

राधाबाईची बसायची जागा गेली. निवट्या अजून अर्ध्या साफ व्हायच्या होत्या. ती सवयीनं मागे न बघता खाली बसली आणि ओल्या चिखलात आपटली. उठली नाही. कोयती पायात धरली, निवटी घेतली आणि परत पाटीत टाकली. जिभेवरचा खारटपणा जात नव्हता.

मृणालिनी गेली नव्हती. पलीकडच्या होडीत पाण्याचा कॅन होता, त्यातून तिनं तांब्या भरला आणि राधाबाईसमोर धरला. शेजारी बसली मात्र नाही.

"चूळ भरा," ती म्हणाली.

राधाबाईनं तांब्याकडे बघितलं. "गोडं हाय?"

"नळाचं आहे. बघा जीभ लावून."

राधाबाईनं एक बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि मान हलवली. मग दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे केली.